कामाची घडी बसवताना : लहान कारखान्यांच्या प्रमुखांसाठी सविस्तर मार्गदर्शन

सांगली, मिरज आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत, पलूस आणि वाळवा तालुक्यांत, तसेच साताऱ्याकडे शिरवळ, लोणंद आणि कराडजवळच्या तासवडे भागात लहान-मध्यम कारखाने मोठ्या संख्येने आहेत. या कारखान्यांचे काम गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदलले. साध्या लेथच्या जागी सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणारी) यंत्रे आली, ग्राहकाचे वेळापत्रक मोबाइलवर दिवसातून दोनदा बदलू लागले, गावातल्या माणसांच्या शेजारी बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशातून आलेली माणसे उभी राहू लागली, आणि आयटीआय झालेली मुले यंत्र हातात बसताच पुण्याची वाट धरू लागली. मालकांच्या तोंडी तक्रार एकच असते : माणूस टिकत नाही, आणि टिकला तरी त्याचे कामात मन लागत नाही. त्यावर वर्षातून एक सहल काढली जाते, योगदिन साजरा होतो किंवा एखाद्या वक्त्याला बोलावले जाते. यांत वाईट काहीच नाही. परंतु थकवा आणि चीड जिथे रोज तयार होते ती जागा म्हणजे कामाची रचना होय, आणि ती बदलण्याचा अधिकार वक्त्याकडे नसतो, कारखान्याच्या प्रमुखाकडे असतो. हा लेख त्या प्रमुखासाठी आहे.

या म्हणण्याला आधार आपल्या शेजारच्या राज्यातलाच आहे. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५२ च्या सुमारास स्वयंचलित माग बसवले गेले, तरी उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढेना. कामाच्या ठिकाणच्या मानवी संबंधांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी पाहिले की, काम अनेक तुकड्यांत वाटले गेले होते. एका मागाच्या चांगल्या चालण्याची जबाबदारी पूर्णपणे कोणाचीच नव्हती. १९५३ मध्ये मागांचे गट पाडून प्रत्येक गट कामगारांच्या एका लहान तुकडीकडे सोपवण्यात आला, तुकडीने कामाची वाटणी आपसांत ठरवली, आणि त्यानंतर उत्पादन वाढले व कापडाची खराबी घटली. माग तेच होते, माणसेही तीच होती. पुढे १९७९ मध्ये कामाच्या ताणाचे अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी मांडले की, कामाचा भार जास्त आणि त्या कामाबद्दल ठरवण्याची मुभा कमी, अशा जोडीतून सर्वाधिक ताण निर्माण होतो. भार जास्त असूनही मुभा असेल, तर तेच काम माणसाला शिकवते आणि घडवते. लहान कारखान्याच्या प्रमुखाला भार नेहमी कमी करता येत नाही, कारण तो ग्राहक ठरवतो. मुभा मात्र त्याला आजपासून वाढवता येते.

पुढच्या पायऱ्या स्पष्ट व्हाव्यात म्हणून एक कल्पित कारखाना डोळ्यांसमोर धरू. कुपवाडमध्ये दोन शेड, चाळीस माणसे, दोन पाळ्या, आणि पंपांचे व व्हॉल्व्हचे सुटे भाग हे काम.

पायरी पहिली : विचारण्याआधी पाहा, आणि मग नीट विचारा

पहिला आठवडा काहीही बदलू नये. हजेरीपट, ओव्हरटाइमची नोंद आणि रिजेक्शनची (नापास मालाची) वही एकत्र घेऊन बसावे. गैरहजेरी कोणत्या वारी व कोणत्या पाळीत जास्त आहे, ओव्हरटाइम त्याच चार-पाच माणसांच्या नावावर सतत पडतो का, आणि नवा माणूस पहिल्या तीन महिन्यांतच सोडून जातो की वर्षभराने जातो, एवढे तीन प्रश्न त्या कागदांना विचारावेत. पहिल्या तीन महिन्यांत जाणारा माणूस बहुतेक वेळा पगारासाठी जात नाही. पगार किती हे त्याला कामावर येतानाच माहीत होते. त्याला काम शिकवायला कोणी उभे राहिले नाही, हे कारण तिथे आधी तपासावे.

त्यानंतर माणसांशी एकेकट्याने बोलावे. केबिनमध्ये बोलावून घेतलेला कामगार "सगळं ठीक आहे साहेब" एवढेच सांगतो, कारण केबिनमध्ये बोलावणे याचा अर्थ त्याच्या अनुभवात बोलणी खाणे असा असतो. यंत्राजवळ, चहाच्या वेळेत, सुपरवायझर शेजारी नसताना विचारावे. "तुम्ही खूश आहात का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याऐवजी असे विचारावे : "अण्णा, गेल्या आठवड्यात तुमचं काम कशाकशामुळे अडलं?" "कोणती गोष्ट तुम्हाला कळत होती, पण विचारल्याशिवाय करता येत नव्हती?" "घरी गेल्यावर कामातलं काय डोक्यात राहतं?" परप्रांतातून आलेल्या कामगारांशी हे बोलणे हिंदीत व्हावे आणि ठेकेदाराला मध्ये घेऊ नये, ज्याच्या हातात त्यांची मजुरी आणि खोली दोन्ही आहेत, त्याच्या देखत ते मोकळे बोलणार नाहीत. ऐकलेले सर्व वहीत लिहावे, नावे मात्र लिहू नयेत. चाळीस माणसांच्या जागी कोण काय बोलले हे दुसऱ्या दिवशी सर्वांना कळते, आणि एकदा तसे झाले की पुढे वर्षभर कोणी बोलत नाही.

पायरी दुसरी : एकच काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कागदावर मांडा

सगळा कारखाना एकदम सुधारायला घेऊ नये. ज्या कामाबद्दल सर्वांत जास्त तक्रारी आल्या ते एकच काम घ्यावे आणि त्याची वाट लिहून काढावी : ड्रॉइंग येते, कच्चा माल येतो, सेटर यंत्र लावतो, पहिला नग तपासणीला जातो, तो पास झाल्यावर उत्पादन सुरू होते, मधूनमधून तपासणी होते, माल धुऊन बांधून बाहेर पडतो. प्रत्येक टप्प्यासमोर तीन गोष्टी लिहाव्यात : हे कोण करतो, हे बरोबर झाले की नाही हे त्याला केव्हा कळते, आणि इथे कोणाची वाट पाहावी लागते.

आपल्या कारखान्यात बहुधा असे दिसेल. तपासनीस एकच आहे आणि तो दोन शेडमध्ये फिरतो. पहिला नग पास होईपर्यंत ऑपरेटरला थांबावे लागते, पण पाळीचे टार्गेट तेवढेच राहते. मग तो वेळ भरून काढण्यासाठी दुपारनंतर यंत्र घाईने चालवले जाते, इन्सर्ट (झिजल्यावर बदलायचे कापणारे पाते) बदलायला उशीर होतो, नग मापाबाहेर जातात, आणि संध्याकाळी बोलणी ऑपरेटर खातो. ज्या उशिरावर त्याचा काही अधिकार नव्हता, त्याचा हिशेब त्याच्याकडून मागितला जातो. अशा माणसाला ताण हाताळण्याचे प्रशिक्षण देणे हा त्याच्यावर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इथे दुरुस्ती साधी असते. नेहमीच्या, ओळखीच्या जॉबसाठी पहिला नग ऑपरेटरने आणि शेजारच्या यंत्रावरील ऑपरेटरने मिळून तपासावा आणि दोघांनी सही करावी. त्यासाठी योग्य गेज (माप तपासण्याची साधने) यंत्राजवळ ठेवावेत, त्यांची तपासणी वेळच्या वेळी व्हावी, आणि तपासनिसाने आपला वेळ नव्या व अवघड जॉबसाठी राखावा. टार्गेट लिहिताना सेटिंगचा आणि थांबण्याचा वेळ वेगळा धरावा, म्हणजे कोणत्या कारणाने किती वेळ गेला हे कागदावरच दिसेल.

याच वेळी काम पुन्हा कसे जोडता येईल याचाही विचार करावा. हॅकमन आणि ओल्डहॅम या संघटन-मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या आराखड्यात कामाला अर्थ देणारी वैशिष्ट्ये पाच आहेत : वेगवेगळी कौशल्ये वापरायला मिळणे, काम आरंभापासून पूर्ण करता येणे, त्याचा उपयोग कोणाला होतो हे दिसणे, स्वतः ठरवण्याची मुभा, आणि काम कसे झाले हे कामातूनच कळणे. यांतले तिसरे वैशिष्ट्य आपल्याकडे फार दुर्लक्षिलेले आहे. वर्षानुवर्षे इम्पेलर (पंपातले पाणी ढकलणारे चाक) कापणाऱ्या ऑपरेटरला तो इम्पेलर कोणत्या पंपात बसतो आणि तो पंप जतच्या किंवा माणच्या शिवारात काय काम करतो, हे कोणी दाखवलेले नसते. जोडलेला एक पंप शेडमध्ये आणून ठेवणे, ग्राहकाकडून आलेली तक्रार किंवा पसंती थेट त्या यंत्रावर पोहोचवणे, याला खर्च जवळजवळ नाही.

पायरी तिसरी : कोणी काय ठरवायचे, हे लिहून ठेवा

भिंतीवर लावता येईल असा एक कागद तयार करावा. त्यात निर्णयांचे तीन प्रकार असावेत : ऑपरेटरने स्वतः घ्यायचे, घेऊन नंतर कळवायचे, आणि आधी विचारायचे. इन्सर्ट बदलणे, ठरलेल्या मर्यादेत ऑफसेट (यंत्रात भरलेली मापाची दुरुस्ती) सुधारणे आणि शंका आल्यास यंत्र थांबवणे हे पहिल्या प्रकारात असावे. आपसांत यंत्रांची अदलाबदल किंवा चहाची वेळ पुढेमागे करणे दुसऱ्या प्रकारात, आणि प्रोग्राममधील बदल किंवा मापाबाहेरचा माल पुढे पाठवणे तिसऱ्या प्रकारात असावे.

यंत्र थांबवण्याच्या अधिकाराबद्दल प्रमुखाने फार सावध राहावे लागते. तो कागदावर देणे सोपे आहे. पण पहिल्यांदा कोणी यंत्र थांबवले आणि शंका खोटी ठरली, तेव्हा प्रमुख काय बोलतो, यावर तो अधिकार खरा की खोटा हे कायमचे ठरते. त्या वेळी सर्वांसमोर "बरं केलंत थांबवलंत" एवढे म्हणावे.

अधिकाराबरोबर शिक्षण आणि मोबदलाही गेला पाहिजे. शिकवल्याशिवाय दिलेला अधिकार हे नवे ओझे ठरते. वैद्यकीय समाजशास्त्रज्ञ योहानेस झीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की, घेतलेले कष्ट आणि मिळणारा मोबदला यांतली तफावत आरोग्याला बाधते; आणि मोबदल्यात पैशाबरोबर मान व नोकरीची शाश्वतीही त्यांनी धरली होती. तपासणीची जबाबदारी घेणाऱ्या ऑपरेटरच्या पगारात ती दिसावी, आणि ठेकेदाराकडून आलेला माणूस तेच काम करत असेल तर त्याच्याही पगारात दिसावी.

पायरी चौथी : पाळ्या आणि तास

ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांना पाळीची सवय जुनी आहे. साखर कारखान्याचा भोंगा झाला की गावाला वेळ कळते, आणि गळीत हंगामात घराघरांतली जेवणाची वेळ पाळीप्रमाणे बदलते. तरीही रात्रपाळी शरीराच्या अंगवळणी पूर्णपणे कधीच पडत नाही, हे ध्यानात घ्यावे. पहाटे तीन ते पाच या वेळेत झोपेची ओढ सर्वांत तीव्र असते. क्रेनने जड साचा हलवणे, विजेच्या पॅनेलचे काम, टाकीत उतरणे अशी धोक्याची कामे त्या वेळेत ठेवू नयेत.

पाळी बदलताना सकाळ, मग दुपार, मग रात्र असा क्रम ठेवावा. उलटा क्रम शरीराला जास्त जड जातो. रात्रपाळीनंतर त्याच दिवशी दुपारी पुन्हा बोलावणे पूर्णपणे बंद करावे. पाळ्यांचा तक्ता निदान दोन आठवडे आधी लावावा, कारण ऑपरेटरच्या घरी द्राक्षबागेची छाटणी असते, हळदीची काढणी असते, आईला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचे असते, आणि या गोष्टी त्याला आदल्या रात्री ठरवता येत नाहीत. आपसांत पाळी बदलून घेण्याची मुभा दिली तर यातल्या अनेक अडचणी प्रमुखापर्यंत येतही नाहीत.

ओव्हरटाइमबद्दल मालक सांगतात की, माणसे स्वतःच मागतात. ते खरे आहे, कारण मूळ पगारात घर भागत नाही. परंतु जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. आपल्याकडे आठवड्याला ४८ तास ही मर्यादा १९४८ च्या कारखाने कायद्यापासून चालत आली आहे, आणि जादा कामाला दुप्पट दराचे तत्त्वही तेव्हापासूनचे आहे. प्रत्येक माणसाच्या नावासमोर आठवड्याचे एकूण तास लिहिण्याची सवय लावावी, आणि एकाच माणसावर लागोपाठ दोन आठवडे जादा काम पडणार नाही अशी वाटणी करावी.

घरी जाण्याचा प्रवासही कामाच्या रचनेतच धरावा. तासगाव किंवा कवठेमहांकाळकडून दुचाकीवर येणारा माणूस बारा तास उभा राहून रात्री परत निघतो, तेव्हा अपघाताची शक्यता कारखान्याच्या दारापर्यंतच संपत नाही. लांबच्या माणसांना रात्रपाळी कमी द्यावी, किंवा त्या दिशेच्या चार-पाच जणांसाठी एक गाडी ठरवावी. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या उजाड माळावर, कुंडल रोड स्थानकाजवळ, कारखान्याबरोबर वसाहतही उभी केली. कामगार राहतो कुठे आणि येतो कसा हा उद्योगाचाच प्रश्न आहे, ही समज म्हणजे या जिल्ह्याची जुनी मिळकत आहे.

पाळी बदलतानाची दहा मिनिटे कोणाच्या तरी पगारात मोजलेली असावीत. जाणारा ऑपरेटर येणाऱ्याला यंत्राजवळ उभे राहून तीन गोष्टी सांगतो : काय चालू आहे, काय बिघडले आहे, कशावर लक्ष ठेवायचे. ही दहा मिनिटे फुकट मागितली तर ती होत नाहीत, आणि मग रात्रीची चूक सकाळी सापडते.

पायरी पाचवी : सुपरवायझर

बहुतेक कारखान्यांत सर्वांत हुशार ऑपरेटरला सुपरवायझर केले जाते, आणि माणसे कशी सांभाळायची हे त्याला कोणीही शिकवत नाही. तो दिवसभर धावत असतो, वरून मालकाचा फोन आणि खालून कामगारांची कुरकुर, अशा दोन्ही बाजूंनी दबतो, आणि शेवटी आवाज चढवणे एवढे एकच साधन त्याच्याकडे उरते. सर्वांत आधी त्याच्या कामातली कारकुनी कमी करावी. त्यानंतर पाळीच्या सुरुवातीला पाच-सात मिनिटे उभ्याने सर्वांशी बोलण्याची पद्धत त्याला लावून द्यावी : काल काय अडले, आज काय आहे, कोणाला काय हवे. यात रागावणे नसावे. रागवायचे असेल तर एकट्याला बाजूला घेऊन आणि कामाबद्दलच. गावावरून, भाषेवरून, जातीवरून किंवा वयावरून एक शब्दही नाही. वयाने मोठ्या कामगाराला अहो-जाहो आणि काका-मामा म्हणणारा तरुण सुपरवायझर कामात कठोर असला तरी चालतो, हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे.

चुका सांगण्याबद्दलची शिस्त मात्र मुळातून बदलावी लागते. हार्वर्डच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील परिचारिकांच्या तुकड्यांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या नेतृत्वाच्या तुकड्यांत चुकांची नोंद जास्त आढळली. तिथे चुका बोलून दाखवण्याची भीती कमी होती, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला, आणि १९९९ मध्ये मानसिक सुरक्षिततेची, म्हणजे न घाबरता बोलता येण्याच्या खात्रीची, कल्पना त्यांनी सविस्तर मांडली. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात या निष्कर्षाचे मोल सांगायला नको, पण लेथशॉपलाही तो तितकाच लागू पडतो. खराब नगाचे पैसे पगारातून कापले जात असतील, तर खराब नग भंगाराच्या ढिगात खोल पुरला जातो, आणि दोष यंत्रात आहे, मालात आहे की शिकवण्यात आहे हे कधीच कळत नाही. ही कपात बंद करावी. चूक ज्याने स्वतः येऊन सांगितली त्याच्या नावाची वेगळी नोंद ठेवावी, आणि पगारवाढ ठरवताना ती नोंद उघडावी.

पायरी सहावी : मोबाइल

पाळी संपल्यावर कामाच्या ग्रुपवर सूचना टाकू नयेत. खरी तातडी असेल तर ठरलेल्या एका माणसाने फोन करावा. हाच नियम कार्यालयातील लेखनिक, पतसंस्थेतील वसुली कर्मचारी आणि घरून हिशेब पाहणाऱ्या मुलींनाही लागू असावा. प्रमुखाने स्वतः रात्री अकराला संदेश पाठवला, तर बाकीच्या नियमांना अर्थ उरत नाही.

पायरी सातवी : माणूस खचलेला दिसला तर

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातून येणाऱ्या खचलेपणाची व्याख्या करताना तीन खुणा सांगितल्या : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामापासून मन तुटणे किंवा कामाबद्दल कडवटपणा येणे, आणि हातून होणाऱ्या कामाचा दर्जा उतरणे. तो आजार म्हणून नोंदलेला नाही. नीट न हाताळल्या गेलेल्या, कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हणून नोंदलेला आहे. त्यामुळे तीन माणसे एकाच विभागात खचलेली दिसली, तर आधी तो विभाग तपासावा.

एखाद्या माणसाची वागणूक अचानक बदलली, गैरहजेरी वाढली, दारू वाढली, कर्जाबद्दल बोलणे वाढले, तर सुपरवायझरने उपदेश करू नये. "दादा, गेले काही दिवस तुम्ही वेगळे वाटताय, काय चाललंय?" एवढे विचारून ऐकून घ्यावे, पुढचे दोन-तीन दिवस धोक्याच्या कामावरून हलवावे, आणि रजा लागली तर द्यावी. मानसिक आरोग्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास मिळते. हा क्रमांक पाणी पिण्याच्या जागी लावून ठेवावा. जीव देण्याचे बोलणे कानावर आले, तर त्या माणसाला एकटे सोडू नये, घरच्यांना कळवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. समितीतील सदस्यांची नावे फायलीत ठेवून भागत नाही. पॅकिंगच्या बाकावर बसणाऱ्या स्त्रियांना ती तोंडपाठ असावीत.

पायरी आठवी : तीन महिन्यांनी पुन्हा वही उघडा

पहिल्या आठवड्यातले तेच कागद पुन्हा पाहावेत : गैरहजेरी, सोडून गेलेले, ओव्हरटाइमची वाटणी, रिजेक्शन. रिजेक्शनची नोंद पहिल्या महिन्यात वाढलेली दिसली तर घाबरू नये, लपलेले नग बाहेर येऊ लागले असतील. तेच तीन प्रश्न त्याच पद्धतीने पुन्हा विचारावेत. जे बदल जमले नाहीत ते मागे घ्यावेत आणि का घेतले हे सर्वांना सांगावे.

कॅलिको मिलमध्ये टॅव्हिस्टॉक संस्थेचेच एरिक मिलर यांनी १९७० मध्ये पुन्हा पाहणी केली, तेव्हा गटांची पद्धत काही विभागांत टिकलेली होती आणि काही विभागांत बाजाराच्या व उत्पादनाच्या दबावाखाली ती झिजून गेली होती. आपल्याकडे तो दबाव दिवाळीच्या आधी, मार्चअखेरीस किंवा एखादी मोठी ऑर्डर आल्यावर येतो. तेव्हा आधी पाळी बदलतानाची दहा मिनिटे जातात, मग पाळ्यांचा तक्ता, मग पहिला नग तपासायची मुभा. म्हणून मोठी ऑर्डर स्वीकारण्याआधी सुपरवायझर आणि दोन ऑपरेटर यांना बरोबर घेऊन बसावे, कोणत्या गोष्टींना हात लावायचा नाही, कोणत्या किती दिवसांसाठी बाजूला ठेवायच्या आणि कोणत्या तारखेला पूर्ववत करायच्या हे लिहावे, खाली चौघांनी सह्या कराव्यात, आणि तो कागद निर्णयांच्या कागदाशेजारीच लावावा.